बेरिंगा त्याच

गौतमी ओव्हाळ लहानपणापासून डूख धरणारी. शाळेत असताना आळीतल्या एका पोरानं तिची सायकल विहिरीत ढकलून दिली, तेव्हा ती रडली नाही, घरी येऊन सांगितलंसुद्धा नाही. उन्हाळा लागून पाणी तळाला गेलं, तशी दोर लावून स्वतः आत उतरली आणि गाळातनं सायकल वर काढली. बापाच्या गॅरेजात बसून तिचं हाडन् हाड धुतलं, ग्रीस भरलं, आणि मग रोज त्या पोराच्या दारावरनं घंटी वाजवत जायला लागली. शेवटी पोराच्या आईनं हात जोडले, तेव्हा कुठं थांबली.

तिचा बाप बबनराव नेमका उलटा. शिरूरच्या हमरस्त्याला लागून त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. नुसत्या गाड्या दुरुस्त करणारे मिस्त्री रस्त्यानं पायलीचे पन्नास होते, पण इंजिन सगळं उतरवून नव्यानं बांधायचं म्हटलं की लोक बबनरावांकडं यायचे. गिऱ्हाईक ओरडलं तर हे हसणार. बोली ठरवून गिऱ्हाईकानं शब्द फिरवला तर हे म्हणणार, "जाऊ द्या, गाडी तर चालली ना." ताईबाई, त्यांची बायको, कधी वैतागून म्हणायची, "ह्या माणसाला राग विकत आणून द्यावा लागंल." त्यावरही ते हसायचेच.

शिरूर-दौंडच्या पट्ट्यात अलीकडं धुळीतल्या शर्यतींचं वेड आलं होतं. माळावर चुना टाकून वळणावळणाची वाट आखायची, एकेका गाडीनं ती पळून काढायची, इंजिनाच्या मापाप्रमाणे गट पाडायचे, गटात ज्याला वेळ कमी लागला तो जिंकला. उसाच्या आणि जमिनीच्या पैशावर वाढलेली पोरं जुन्या गाड्या घेऊन त्यांची इंजिनं तयार करून घ्यायची. न्हावऱ्याचे सोपानराव म्हणजे मोठे बागाईतदार, सोसायटीपासून कारखान्यापर्यंत ज्यांचा शब्द चालतो असे. त्यांच्या पोरानं, पप्पूनं, एक जुनी इस्टीम गाडी घेतली आणि इंजिन बांधायला बबनरावांकडं दिली. मोसमभर ती गाडी सुसाट पळाली. पप्पूच्या बैठकीत कप मांडले गेले. बक्षीस समारंभात ड्रायव्हर म्हणून पप्पूचं नाव पुकारायचे, गाडीमालक म्हणून परत त्याचंच पुकारायचे, सोपानरावांचं तर पुकारायचेच. इंजिन कुणी बांधलं ते कुणी विचारायचं नाही, आणि बबनरावांना त्याचं काही वाटायचं नाही. ते मागं उभे राहून इंजिनाचा आवाज ऐकायचे आणि खुशीत घरी यायचे.

मग दौंडजवळच्या माळावरची ती शर्यत आली. सरळ पट्ट्यावर पप्पूची गाडी भरधाव असताना एकदम किंचाळल्यासारखा आवाज आला, पाठोपाठ लोखंड लोखंडावर आपटावं तसा खडखडाट, आणि गाडी धुराच्या लोटात थांबली. बबनराव धावत गेले. पप्पू खाली उतरला, त्यानं हेल्मेट काढलं आणि सगळ्या माळासमक्ष त्यांच्या मुस्काटात मारली.

"ए बबन्या! भंगार बेरिंगा घातल्यास व्हय रं? तुमच्या लोकांच्या हातात मशीन द्यायचीच नव्हती, तीच चूक झाली!"

बबनरावांची साठी जवळ आलेली. पप्पू त्यांच्या गौतमीपेक्षा वर्षा-दोन वर्षांनी लहान. काल-परवापर्यंत त्यांना 'मिस्त्री' म्हणणारा.

कुणीतरी मोबाईलवर ते सगळं टिपलं होतं. संध्याकाळ व्हायच्या आत तो व्हिडिओ शिरूरपासून कोरेगाव भीमापर्यंत गावोगावच्या ग्रुपवर फिरला. खाली हसणाऱ्या तोंडांची रांग. 'इंजिन बांधायचंय? भंगार बेरिंगवाला मिस्त्री.' गौतमीला तो कंपनीतल्या एका पोरीनं दाखवला. गौतमी डिप्लोमा करून रांजणगावच्या एमआयडीसीत, इंजिनं जोडणाऱ्या एका कंपनीत लाइनवर सुपरवायझर होती. तिनं तो व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला. मग परत एकदा बघितला. बापाची मान फिरते, टोपी पडते, आणि तो वाकून टोपी उचलतो. मारापेक्षा ते वाकणं तिच्या जिव्हारी लागलं.

घरी आली तेव्हा वस्तीतली चार माणसं जमली होती. "आत्ताच्या आत्ता पोलीस स्टेशनला चला," म्हणत होती. गौतमी चप्पलसुद्धा न काढता म्हणाली, "आप्पा, उठा."

बबनराव उठले नाहीत.

"पोलीस मला इचारतील, मारलं का. मी सांगीन, मारलं. जातीवरनं बोलला का. व्हय, बोलला. त्ये सगळं लिहून घेतील." त्यांनी मांडीवरची टोपी झटकली. "पण बेरिंगा भंगार न्हवत्या, त्ये कोण लिहून घेनार? जे माजं खरं गेलं, त्याला कागदावर जागाच न्हाई."

त्यांना मार सोसला असता, ती खोटी गोष्ट सोसत नव्हती. चार लोकांत जीव तोडून सांगितलं असतं तरी कोण ऐकणार होतं? पप्पूनं सांगितलं ते खरं झालं होतं. दोन महिन्यांत गॅरेजपुढं एक गाडी थांबेना. बबनरावांनी पान्हे पेटीत भरले, शेडला कुलूप घातलं आणि कोरेगाव भीमाजवळच्या एका गोडाऊनवर वॉचमनची नोकरी धरली. खाकी शर्ट घालून ते एसटीची वाट बघत उभे राहायचे, आणि रस्त्यानं जाणाऱ्या गाडीचा आवाज आला तरी तिकडं मान फिरवायचे नाहीत.

गौतमीनं मनाशी पक्कं केलं. पप्पूच्या तोंडून, त्याच माळावर, लोकांच्या देखत, खरं वदवून घ्यायचं. कसं ते अजून ठाऊक नव्हतं.

पहिलं काम तिनं केलं ते म्हणजे ते फुटलेलं इंजिन शोधणं. पप्पूनं ते काढून भंगारात टाकलं होतं, एवढीच खबर होती. सुट्टीच्या दिवशी ती स्कूटीवर न्हावरे, केडगाव, दौंड असं भंगाराचं एकेक दुकान धुंडाळत गेली. दौंडला रेल्वेलाइनीपलीकडच्या एका वाड्यात, गंजक्या पंख्यांच्या आणि ट्रॅक्टरच्या चाकांच्या ढिगाखाली ते सापडलं. बबनरावांची एक सवय होती. इंजिनाचा जो भाग जिथला, तिथंच परत बसावा म्हणून ते प्रत्येकावर सुईनं मराठी आकडा कोरायचे. ब्लॉकच्या कडेला त्यांच्या हातचा वळणदार 'एक' दिसला, आणि गौतमीनं तिथल्या तिथं भंगाराच्या भावानं ते इंजिन विकत घेतलं.

दौंडमध्येच संपतमामांचं मशिनशॉप होतं. सिलिंडर तासणं, क्रँक घासणं, हेड सपाट करणं अशी कामं ते करायचे, आणि बबनरावांचे जुने दोस्त होते. इंजिन त्यांच्या टेबलावर चढवून गौतमीनं ते उघडलं. वरचं झाकण, म्हणजे हेड, निघालं तसं तिला दिसलं. पिस्टनच्या डोक्यांवर व्हॉल्व्हच्या चंद्रकोरी उमटलेल्या. व्हॉल्व्ह वाकलेले, एकाचं मुंडकं तुटून पिस्टनमध्ये रुतलेलं, एक सिलिंडर खरवडून निघालेला. मग तिनं इंजिन पालथं करून खालचं उघडलं. क्रँक ज्यांच्यावर फिरतो त्या बेरिंगा, पातळ पत्र्याच्या अर्धगोल वाट्यांसारख्या, एकेक करून काढल्या. सगळ्या गुळगुळीत. एकीवर ओरखडा नाही.

संपतमामांनी चष्मा वर केला. "गिअर चुकला त्याचा. तिसऱ्यावरनं चौथा टाकायचा, तितं दुसरा पडला. भरधाव गाडीत खालचा गिअर पडला की चाकंच इंजिनाला फिरवत्यात. इंजिन त्याच्या आवाक्याभाईर फिरतं, व्हॉल्व्हला मिटायला वकुत न्हाई मिळत, आन् खालनं पिस्टन येऊन ठोकतो. ह्यात बेरिंगचा संबंधच न्हाई."

"मामा, हे त्याला ठाऊक असंल?"

"गिअर टाकणाऱ्या हाताला ठाऊक नसंल तर कुणाला?"

म्हणजे चूक नव्हती, गैरसमज नव्हता. गाडी थांबायच्या आत त्याला कळलं होतं, आणि लोकांनी हसू नये म्हणून त्यानं म्हाताऱ्याच्या तोंडात मारली होती. गौतमीनं बेरिंगा फडक्यात गुंडाळल्या.

"हेच इंजिन मी परत बांधणार. आन् ह्याच्यावरच त्याला हरवणार."

बबनरावांना ते कळलं तेव्हा ते जेवत होते. पहिला घास तसाच हातात राहिला. "मला तवाच ठावं व्हतं," ते म्हणाले. "आवाज आला ना, तवाच समजलं गिअर चुकला म्हणून. मी त्येच बघाया पळालो व्हतो, पोराला लागलं का काय." मग म्हणाले, "सोड गौतमी. हे फुटलं तर पुन्यांदा माजंच नाव जाईल."

"आप्पा, तुमचं नाव आता जायला राहिलंय कुठं?"

बोलली आणि तिची तिलाच लाज वाटली. पण शब्द माघारी घेतला नाही. ताईबाई भाकरी थापता थापता थांबली.

"आवो, तुमचं तुमी सोडलं. तिचं तिला सोडाया लावू नका."

बबनरावांनी जेवण उरकून हात धुतला. पण पुढच्या सुट्टीला गौतमीनं गॅरेज उघडलं, तेव्हा ते मागोमाग आले आणि दारात उभे राहिले. ती सिलिंडरची भिंत हातानं चाचपत होती. थोड्या वेळानं ते म्हणाले, "त्या खरवडलेल्या सिलिंडरला लायनर बसवावा लागंल. आन् पयल्या मापाचाच. मोठा क्येला की उद्या कुणीतरी बोट दावंल." त्यांनी बाह्या वर सारल्या. मुलीच्या रागापेक्षा त्यांना पुन्हा इंजिन फुटायची भीती जास्त होती, आणि त्या भीतीनंच त्यांना आत ओढलं.

हिवाळाभर काम चाललं. केंदूरच्या मामाकडं गोठ्याशेजारी एक जुनी इस्टीम पडून होती, आत कोंबड्या अंडी घालायच्या. ती ओढून आणली. संपतमामांनी लायनरची लोखंडी नळी आत ठोकून सिलिंडर आरशासारखा तासून दिला. गौतमीनं हेडमधल्या हवेच्या वाटा घासून घासून रुंद आणि सारख्या केल्या, बोटाला कुठं खवला लागू दिला नाही. नवे पिस्टन आले, नवे व्हॉल्व्ह, कडक स्प्रिंगा. प्रत्येक पिस्टन, प्रत्येक दांडा वजनकाट्यावर चढला. जड असेल तो चिमूटचिमूट घासून बाकीच्यांच्या बरोबरीला आणला.

बेरिंगांची पाळी आली तेव्हा बबनराव म्हणाले, "नव्या आण."

"न्हाई. त्याच."

"अगं, येवढं इंजिन बांधतीयास आन् जुन्या बेरिंगा?"

"माप घ्या. मापात नसतील तर नव्या आणते."

बबनरावांनी प्रत्येक वाटी मायक्रोमीटरनं मोजली, मग परत मोजली. सगळ्या मापात होत्या. त्यांनी लेकीकडं बघितलं. ती कशासाठी अडून बसली आहे ते त्यांना उमगलं, आणि पहिल्यांदाच त्यांनी 'जाऊ दे' म्हटलं नाही. वाट्यांना तेलाचं बोट लावून त्यांनी त्या आकड्याप्रमाणे ज्याच्या त्याच्या जागी बसवल्या.

त्यानंतर म्हातारा बदलला. बबनराव गोडाऊनवरनं सुटले की थेट गॅरेजात. पप्पूच्या जुन्या शर्यतींचे व्हिडिओ मोबाईलवर लावायला सांगायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. एक दिवस म्हणाले, "ह्यो पोरगा सरळीला लई दाबतो, पन वळणात त्याची गाडी मरती. खालनं उठायला टाइम लागतो. त्यानं नवीन इंजिन पुण्यात बांधून घेतलंय म्हणं, म्हंजी त्ये अजून वर पळणारं आसंल. आपल्याला वर पळणारं नकोच. वळणातनं उठणारं पायजे. त्या माळावर सरळ पट्टा एकच हाय, वळणं रग्गड." त्यांच्या डोळ्यांत गौतमीला जे दिसलं, ते तिनं आधी कधी बघितलं नव्हतं. तिला ते फार आवडलं.

त्याप्रमाणे सगळं बेतलं. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट मधल्या वेगाला जोर देणारा घेतला, सायलेन्सरचे पाइप लांब वळवले. केंदूरच्या मामाच्या पडीक रानात गौतमी स्वतः गाडी पळवून बघायची. फेरी संपली की मांडीवर लॅपटॉप घेऊन बसायची. किती हवेला किती पेट्रोल, ठिणगी किती आधी, हे तिथं जुळवायचं. बबनराव बांधावर उभे राहून हात वर करायचे. एक बोट म्हणजे ठिणगी जरा मागं, पंजा म्हणजे झकास. लॅपटॉपवरचे आकडे आणि म्हाताऱ्याचा कान जिथं एकमेकांशी भांडायचे, तिथं दोघं परत परत तोच पट्टा पळवायचे. कधी आकडे खरे निघायचे, कधी कान.

शर्यतीच्या आठवड्यात गौतमी एक पुली घ्यायला संपतमामांकडं गेली. टेबलावर एक हेड उघडं पडलं होतं. मामांनी आवाज खाली आणला.

"पप्पूचं हाय. सरावात गाडी तापली, हेड वाकलं. पुण्याला न्यायला येळ न्हाई म्हणून हितं टाकलंय. सपाट करून पायजे म्हणला, त्ये आत्ताच करून ठिवलंय." ते थोडे घुटमळले. "मी चहा घेऊन येतो. तू बस."

मामा खरंच चहाला गेले. गौतमी त्या हेडजवळ उभी राहिली. हेडचा ब्लॉकवर बसणारा सपाट भाग तळहातासारखा मोकळा होता. एक ओरखडा पुरला असता. पहिल्या फेरीत गाडी धूर ओकत थांबली असती. तिच्या ओढणीला पिन होती. ती पिन तिनं काढली, टोक धातूला टेकवलं. अंगातलं सगळं रक्त हाताशी गोळा झालं होतं.

मग तिच्या मनात आलं, गाडी बिघडली म्हणून हरलो, असं त्याला सांगता येईल. वर्षापूर्वी हेच तर त्यानं केलं होतं. पळवाट त्याला आपण आपल्या हातानं द्यायची?

मामा आले तेव्हा पिन ओढणीला परत लागलेली होती. "मामा, ह्ये हेड जीव लावून परत एकदा मापून बघा," ती म्हणाली. "केसाचा फरक राहायला नको. त्याची गाडी एकदम टकाटक पळाली पायजे."

मामांनी तिच्याकडं बघितलं. "तू लई वाईट हायस गं पोरी."

"व्हय, मामा."

शर्यतीला दौंडजवळच्या त्याच माळावर ही गर्दी. वडापाव, उसाचा रस, भोंगा. बबनराव ओव्हाळांची पोरगी गाडी घेऊन आली हे बघून कुजबुज सुरू झाली. कुणी मोबाईल काढले. पप्पू आपल्या चार पोरांत उभा होता, त्यानं नुसतं हसून बघितलं. "काय मिस्त्री, बेरिंगा कुठनं आणल्या?" एवढं म्हणाला. बबनराव बॉनेट पुसत राहिले.

पप्पू आधी पळाला. गाडी खरोखरच टकाटक होती. सरळ पट्ट्यावर तिचा आवाज पार वर गेला आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या. त्याचा वेळ फळ्यावर लागला. त्या दिवसात तोवर कुणी तितका कमी वेळ लावला नव्हता.

मग गौतमी. झेंडा पडला आणि तिनं गाडी सोडली. सरळ पट्ट्यावर ती पप्पूपेक्षा मागं होती, हे तिलाही कळत होतं. पण पहिलं वळण आलं, गाडी आडवी झाली, तिनं पाय दिला आणि इंजिन खालनं असं उठलं, की कुणी पाठीत हात घालून पुढं ढकलावं. दुसरं वळण, तिसरं. प्रत्येक वळणाबाहेर पडताना ती दात खाऊन एकच शब्द म्हणत होती, बापाच्या नावाचा तो अपमानाचा उच्चार, 'बबन्या'. ते स्वतःला चाबूक मारून घेण्यासारखं होतं. शेवटच्या वळणाला मागचं चाक चुन्याला पुसटसं घासून गेलं, खुणेचा डबा हलला, पण पडला नाही; पडला असता तर दंडाचा वेळ चढला असता.

फळ्यावर तिचा वेळ लागला तेव्हा क्षणभर कुणाला समजेना. मग मागं उभ्या असलेल्या बायकांतनं एकच गिल्ला उठला. अगदी थोडक्यात, पापणी लवावी तेवढ्यानं, पण गौतमी पुढं होती.

पप्पूचं तोंड काळंठिक्कर पडलं. तो तरातरा तपासनिसाकडं गेला. "इंजिन मोठं क्येलंय त्यांनी. चौदाशे सीसीच्या गटात बसत न्हाई. एवढी जुनी इस्टीम अशी उठंलच कशी? माझी हरकत हाय. उघडा!"

हरकत घ्यायचा नियमच होता. इंजिन थंड होऊ द्यायचं, मग सगळ्यांसमोर उघडून माप घ्यायचं. हरकत घेणारा शेवटपर्यंत जवळ उभा पाहिजे. तपासनीस गौतमीकडं वळले. ती काही बोलायच्या आत बबनराव पान्ह्यांची पेटी घेऊन पुढं आले.

"उघडतो की. मी बांधलंय, मीच उघडतो."

लोकांचं कडं झालं. बबनरावांनी घाई केली नाही. एकेक बोल्ट क्रमानं सैल केला. हेड उचललं. तपासनिसांनी सिलिंडर मोजले, लायनरवालासुद्धा मोजला, पिस्टन किती चढतो-उतरतो ते मोजलं, हिशेब केला. "गटात बसतंय. हरकत फेटाळली." टाळ्या पडल्या. पप्पू वळून निघाला.

"थांबा," बबनराव म्हणाले. "हरकत तुमची हाय. काम संपल्याबिगर जायाचं न्हाई."

"झालं की काम."

"निम्मं झालं. वरचं दावलं, आता खालचंबी दावतो. मगाशी बेरिंगांचं इचारलं न्हवं का तुमी?" त्यांनी तपासनिसांना विचारलं, "साहेब, माजं इंजिन मी उघडलं तर चालंल ना?" साहेब म्हणाले, "तुमची मर्जी."

गाडी लोखंडी घोड्यांवर उचलली. तेल काढलं, खालचं भांडं उतरवलं. बबनराव गाडीखाली पाठीवर झोपले. आतून त्यांचा आवाज आला, "पप्पूशेठ, जरा हात पुढं करा. धरायला कुणी न्हाई."

धरायला गौतमी होती, संपतमामा होते. दोघांतलं कुणी हललं नाही. सगळा माळ बघत होता, मोबाईल वर झालेले होते. पप्पूनं इकडंतिकडं बघितलं आणि मग गुडघ्यावर बसला. गाडीखालनं काळ्या तेलानं माखलेला हात आला आणि त्याच्या तळहातावर एक बेरिंग ठेवली. मग दुसरी. मग तिसरी. तेल त्याच्या मनगटावरनं बाहीत उतरलं.

बबनराव बाहेर आले, अंग झाडत उभे राहिले.

"ह्या बेरिंगच्या पाठीवर काय लिवलंय, वाचा."

"...दोन."

"माज्या हातचा आकडा हाय. तुमच्या गाडीत व्हत्या त्याच ह्या बेरिंगा. आज ह्यांच्यावर इंजिन पळालं. आता सांगा, भंगार हायती का?"

पप्पू खाली बघत पुटपुटला.

"मोठ्यानं."

जन्मभर 'जाऊ द्या' म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडून तो शब्द आला होता.

"न्हाईत भंगार."

"मग त्या दिशी इंजिन कशानं ग्येलं?"

पप्पूनं मागं वळून बघितलं. त्याच्या चार पोरांतला एकसुद्धा पुढं आला नाही. शेवटी तो म्हणाला, "गिअर चुकला माजा." म्हणाला आणि बेरिंगा तिथंच बॉनेटवर टाकून गर्दीतनं वाट काढत गेला. त्याला वाट द्यायची कुणाला घाई नव्हती.

आठवड्याभरात सोपानरावांकडनं माणसं आली. गावच्या जत्रेत स्टेजवर बोलावून मिस्त्रींचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू, झालं-गेलं मिटवून टाकू, असा निरोप. ताईबाईनं त्यांना चहा दिला. बबनराव कप खाली ठेवून म्हणाले, "इंजिनाचं मिटलं. माज्या तोंडावर हात टाकला आन् जातीवरनं बोलला, त्याचं मिटलं न्हाई." माणसं गेल्यावर त्यांनी स्वतःच चप्पल घातली. "गौतमी, चल. आता पोलीस स्टेशनला जाऊ. माजं जे लिहून घेतलं जानार न्हवतं, त्ये सांगून झालंय. ऱ्हायलेलं त्यांनी लिहून घेऊ दे."

उशीर का केला, म्हणून तिथं पुष्कळ विचारलं. वस्तीतली माणसं सोबत बसून राहिली. दिवस मावळायला आला तेव्हा गुन्हा नोंदवून घेतला.

खटला अजून चालू आहे. तारखा पडतात, पुढं ढकलल्या जातात. प्रत्येक तारखेला गौतमी कंपनीत रजा टाकून बापाबरोबर जाते आणि पप्पूच्या समोरच्या बाकावर बसते. पप्पूनं शर्यती सोडल्या, गाडी विकली, हल्ली भेटला तर रस्ता बदलतो असं लोक सांगतात. नातेवाईक गौतमीला समजावतात, "आता सोड की बाई. जिंकलीस, त्यानं कबूल केलं, बापाचं गॅरेज पुन्हा सुरू झालं. आणखी काय पाहिजे?" ती ऐकून घेते. वाद घालत नाही.

मागच्या तारखेला कोर्टाच्या आवारात पप्पूची आई तिच्याजवळ आली होती. पोराचं लग्न जमत नाही म्हणून रडली. गौतमीनं तिला बाटलीतलं पाणी दिलं, सावलीत बसवलं, ती शांत होईस्तोवर शेजारी बसून राहिली. बाई डोळे पुसून म्हणाली, "मग घेशील ना केस माघारी?"

"न्हाई, काकू," गौतमी म्हणाली, आणि नाव पुकारलं तशी बापाला हात देऊन उठवून आत गेली.